जरा वर घे

फ्लेक्सच्या दुकानात दिवसभर एकच वाक्य ऐकू येतं: "साहेबांचा फोटो जरा वर घे रे." मशीनवर बसलेला पोरगा मान न वळवता दोनपैकी एक काम करतो. फोटो फ्लेक्सच्या माथ्याकडे सरकवतो, नाहीतर जागेवरच ठेवून त्याचा लेअर पुढे आणतो, म्हणजे साहेबांच्या खांद्यावर चढलेलं दादांचं डोकं मागे जातं. आपल्या भाषेत दोन्ही ‘वर’च. पोरगा चुकत नाही. गिऱ्हाइकाचं बोट त्याला दिसतं आणि वॉर्डातलं राजकारण त्याला पाठ असतं.

आता त्या खुर्चीवर एआय एजंटाला बसवायचं चाललंय. अँथ्रॉपिकनं नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एजंटाला सॉफ्टवेअरशी जोडायची सामाईक पद्धत, खुला केला आणि ब्लेंडर, फिग्मा असल्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरना एजंट जोडायची हौस वाढली. एजंटापुढे टूलांची यादी येते: टूलचं नाव, त्याला काय काय पुरवायचं याचा तक्ता आणि दोन-चार ओळींचं वर्णन. बोट नाही, वॉर्ड नाही. सगळी भिस्त त्या दोन-चार ओळींवर. आणि त्या लिहितो कोण? टूल बनवणारा. त्याला सगळंच माहीत असतं, त्यामुळे तो काहीच लिहीत नाही.

नोड म्हणजे फिग्मातली कुठलीही वस्तू. ‘मूव्ह नोड’ या टूलचं वर्णन: ‘नोड मूव्ह करतो.’ आभारी आहोत. याच हातानं पाककृती लिहिली तर ‘पुरणपोळी: पुरणपोळी करावी’ एवढ्यावर सैपाक आटोपेल.

मूव्ह करतो, पण कुठे? फिग्मात वाय वाढवला की वस्तू खाली येते. कोरलड्रॉत वर जाते. ब्लेंडरमध्ये वर जायचं तर वायला हातच लावायचा नाही, तिथे वरची दिशा झेड. एजंट बिचारा इमानदारीत वायमध्ये १०० मिळवतो आणि साहेब सरळ शुभेच्छुकांच्या रांगेत येऊन बसतात. शिवाय हे आकडे मोजायचे कुठून? वस्तू फ्रेममध्ये असेल तर फिग्मा त्या फ्रेमच्या कोपऱ्यापासून मोजतो, अख्ख्या कॅनव्हासपासून नाही.

ब्लेंडरची गंमत याहून वरची. पडद्यावर तो कोन अंशांत दाखवतो, पण पायथनमधून सांगायला गेलात की त्याला रेडियन लागतात. समजा, एक खुर्ची ९० अंशांनी फिरवायची आहे. वर्णनात नुसतं ‘रोटेशन: आकडा’ असेल तर एजंट ९० देणार. ९० रेडियन म्हणजे खुर्ची चौदा गिरक्या घेऊन वर साधारण ११७ अंशांवर थांबणार. चौदा गिरक्या कुणाला दिसत नाहीत, तिरकी खुर्ची तेवढी दिसते. तीही आपल्याला. एजंट मात्र कळवून मोकळा: खुर्ची ९० अंशांत फिरवली आहे, आणखी काही?

रंगांचं तेच. फिग्माच्या प्लगइनला लाल-हिरवा-निळा ० ते १ मध्ये हवा असतो, फोटोशॉपवर वाढलेली पिढी २५५ च्या खाली बोलत नाही.

चांगलं वर्णन दिसायला अगदी रुक्ष असतं. ‘एक्स, वाय पिक्सेलमध्ये, बाहेरच्या फ्रेमच्या डाव्या-वरच्या कोपऱ्यापासून. वाय वाढला की वस्तू खाली जाते. लेअर पुढे-मागे करायला हे टूल वापरू नये, त्यासाठी दुसरं आहे.’ यातलं शेवटचं वाक्य लाखमोलाचं, आणि तेच कुणी लिहीत नाही. टूल कशासाठी नाही हे सांगायला लेखकाला कमीपणा वाटतो. त्यापेक्षा ‘शक्तिशाली’, ‘सुलभ’ ही विशेषणं त्याला जवळची. एजंट काही टूल विकत घ्यायला आलेला नसतो हो!

दुसऱ्या टोकाचे लोकही आहेत. पन्नास टूलं, प्रत्येकाखाली वकिलाच्या नोटिशीएवढा मजकूर. एजंटाची निम्मी स्मृती तो वाचण्यातच खर्ची पडते.

माझ्या एका डिझायनर मित्रानं परवा तीन पानं वर्णनं लिहिली, अतिशय मन लावून. नव्या माणसाला समजावतो तसं एजंटाला समजवा, असं त्यानं कुठेतरी वाचलं होतं. गेल्या वीस वर्षांत त्याच्याकडे आलेल्या नव्या माणसांना त्यानं काय समजावलं, ते मला माहीत आहे: "बघ आणि शीक." त्यातलाच एक, अकरा वर्षं टिकलेला, त्या छापील पानांवरून नजर फिरवत होता.

"शेठ, फ्रेम डिलीट केली की आतलं सगळं जातं, हे राहिलं. शुभेच्छुकांची फ्रेम उडाली तर चाळीस नावं जातील. चाळीस फोन येतील."

"अरे हो. लिही ते."

"आणि जुन्या फॉन्टातल्या मजकुरावर युनिकोड मराठी टाकली तर भलतंच उमटतं."

"तेही लिही. अजून काय काय आहे?"

"भरपूर आहे," पोरगा म्हणाला. "ओळीमागे किती देणार?"