तेराशे सीसीची हौस

अहो मंदाताई, या की जरा कुंपणापाशी. हळू बोला मात्र, त्यांची खिडकी उघडी आहे. रोहननं गाडी घेतली, बघितलीत ना? माझदाची आरएक्स-8, लालभडक. मागची दारं उलटी उघडतात, कपाटासारखी. 2007 सालची आहे, म्हणजे जुनीच हो.

ठरवली बापलेकांनी मिळून. बाप म्हणे, "इंजिन 1.3 लिटरचं, आपल्या पुण्यातल्या स्विफ्टएवढं. ते काय पेट्रोल खाणार?" खातं की! सरकारी आकडा गॅलनला 18 मैलांचा. आपल्या हिशेबात लिटरला साडेसात किलोमीटर, आणि तेही महागाचं प्रीमियम घालायचं. पुण्यात एवढ्या ॲव्हरेजची गाडी घेऊन आला असता ना, सोसायटीनं वेड्यात काढलं असतं.

मी ह्यांना विचारलं, असं कसं? तर म्हणाले, त्यात पिस्टनच नाहीत. दोन तिकोनी रोटर गरगरतात. टोकांना सील असतात, ती झिजली की दाब गेला, ताकद गेली. त्या सीलांना वंगण मिळावं म्हणून इंजिन थोडं थोडं ऑइल मुद्दाम जाळतं! गळती नव्हे, बनवलंयच तसं. म्हणून एकाआड एक टाकी भरताना ऑइल बघायचं. इथं न्यू जर्सीत पेट्रोल आपल्या हातानं भरायची सोय नाही, तेव्हा पंपावरचा माणूस नळी लावून उभा, हा बॉनेट उघडून डिपस्टिक पुसतोय, आणि मागे हॉर्न.

खरी मजा सत्यनारायणाच्या दिवशी झाली. पाहुण्यांना जागा हवी म्हणून बापानं गाडी ड्राइव्हवेत दहा फूट मागे घेतली आणि लगेच बंद केली. या गाडीला तेच तर चालत नाही! थंड इंजिन असं चालू करून बंद केलं की आत पेट्रोल साचतं, प्लग भिजतात. मग कितीही किल्ली फिरवा, नुसती कुरकुर. गुरुजींची गाडी आत अडकलेली आणि त्यांना पुढची पूजा! रोहन सोवळ्यातच प्लग काढायला बसला. आईचा चेहरा बघण्यासारखा होता.

खर्च म्हणाल तर पेट्रोलचं दुखणं सोसवतं हो. इंजिन नव्यानं बांधायचं म्हटलं की हजारो डॉलर, गाडीच्या किमतीला टेकतात. कंपनीनं 2004 ते 2008 च्या गाड्यांच्या इंजिनाची वॉरंटी 8 वर्षं किंवा 1 लाख मैलांपर्यंत वाढवून दिली होती, पण तीही केव्हाच संपली. स्वस्तात का मिळाली, ते आता कळतंय त्यांना.

त्यापेक्षा जुनी मियाता घ्यायची. साधं चार सिलिंडरचं इंजिन, कुठलाही मेकॅनिक हात घालतो, गॅलनला बावीस-चोवीस मैल. मागे सीट नाही, हे खरं. पण विशीतल्या पोराला मागे बसवायचंय कुणाला? आईला?

तुमचा भाचाही अशीच बघतोय म्हणालात ना? त्याला सांगा, आरएक्स-8च हवी असेल तर आधी कॉम्प्रेशन टेस्ट करून घे, आणि तीही रोटरीच्या खास मशीनवर. साध्या गेजवर रोटरच्या तिन्ही बाजूंचा दाब वेगवेगळा कळत नाही. विकणारा नाही म्हणाला, तर चहासुद्धा न घेता उठून ये म्हणावं.