उत्तर आहे, एवढं नक्की

वेळापूरच्या चौकात 'सर' अशी हाक मारली की चार-पाच माना वळतात. 'गणिताचे सर' म्हटलं की एकच. अकलूजला बी.एस्सी., सोलापूर विद्यापीठात एम.एस्सी., मग सेट, मग पीएच.डी. विषय शुद्ध गणित. "म्हंजी बाकीच्यांचं भेसळीचं का?" असं तात्यांनी एकदा विचारलं, तेव्हा सर मनापासून "हो" म्हणाले.

शुद्ध गणितवाल्याला उत्तर काढण्यात रस नसतो. उत्तर आहे, एवढं सिद्ध झालं की तो पेनाला टोपण लावतो. गावाला हे कसं पटावं? माउलींची पालखी मुक्कामाला यायची असली की पंगतीचा अंदाज घ्यायला पोरं सरांकडेच पळायची. एका वर्षी सर बराच वेळ डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "संख्या सांत आहे, एवढं नक्की." तेव्हापासून अंदाज आचारी सांगतो.

आषाढात सर गावात हमखास सापडतात, कारण ते तासिका तत्त्वावर आहेत आणि नव्या वर्षाची नेमणूक तोवर निघालेली नसते. कायम नोकरीचं काय झालं, या प्रश्नालाही त्यांचं उत्तर शुद्धच असतं: "वर्कलोड पाहता जागा आहे, हे सिद्ध होतं. कुठं आहे, ते दाखवता येत नाही."

कॉलेजात वेळापत्रक सरांकडे, परीक्षेची बैठकव्यवस्था सरांकडे, नॅकचे तक्तेही सरांकडेच. "गणिताचे ना तुम्ही!" बेरीज चुकली की तेच वाक्य पुन्हा, फक्त सूर वेगळा. बेरीज त्यांची खरंच चुकते. गेल्या कित्येक वर्षांत त्यांचा आकड्यांशी संबंध आलेला नाही.

त्यांचं दैवत केंब्रिजचे हार्डी. आपल्या गणिताचा जगाला काडीचा उपयोग नाही, हे या गृहस्थांनी 1940 साली पुस्तक लिहून अभिमानानं सांगितलं. पुढं 1977 साली अमेरिकेत तिघांनी मोठाल्या मूळ संख्या घेऊन गुप्तलेखनाची पद्धत काढली आणि हार्डींचा लाडका अंकसिद्धान्त बँकांच्या कामाला जुंपला गेला. "तोही बाटला," असं सर सुतकी चेहऱ्यानं सांगतात.

गावानं सरांना मानलं ते मात्र देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांच्या एका शोधामुळं. चहाच्या टपरीवर सरांनी एकाच्या मोटारसायकलचा नंबर घेतला. आकडे उतरत्या क्रमानं मांडले, त्यातून चढत्या क्रमाचे वजा केले, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. शेवटी 6174. मग दुसरी गाडी, तिसरी, दुधाचा टेम्पो. सगळ्यांचं 6174! त्या दिवशी टपरीवाल्यानं पैसे घेतले नाहीत.

तुमच्या गाडीचा नंबर चार आकडी असेल आणि चारही आकडे सारखे नसतील, तर करून बघा. सातव्या वजाबाकीच्या पुढं जावं लागणार नाही. याचा उपयोग काय, असं मात्र सरांना विचारू नका. वजाबाकी तपासायलाही देऊ नका.