प्रायोजकाचं नाव राहून गेलं

मा. विपणन प्रमुख यांस,
(कंपनीचं नाव लिहीत नाही. आमच्या डॉक्टरांच्या भिंतीवरच्या घड्याळावर ते आहेच.)

स. न. वि. वि.

मी तुमचा जुना प्रायोजक. बीपी, शुगर आणि आता गुडघे अशा तिन्ही खात्यांवर दरमहा न चुकता भरणा करतो. ओळख पटावी म्हणून सांगतो: टाय लावलेला तुमचा एमआर काळी बॅग घेऊन बिननंबराचा आत शिरतो, तेव्हा सतरा नंबरचं टोकन हातात धरून पाय आवरून घेणारा तोच मी. पोरगा गुणी आहे. महिनाअखेर आली की टार्गेटपायी त्याचंच बीपी माझ्याहून जास्त असतं.

तक्रार एवढीच की, आमच्या गल्लीतलं गणेश मंडळ एकशे एक रुपयांच्या वर्गणीलाही फलकावर 'सौजन्य' म्हणून नाव लिहितं. डॉक्टरांच्या टेबलावर तुमचं पेन, तुमचा पेपरवेट, आणि बिजागरीवर उघडून झिजलेली कूर्चा दाखवणारा तुमचा प्लास्टिकचा गुडघाही आहे. पैसे माझे असून माझ्या नावाचा कुठं पत्ता नाही.

पैसे माझे, हे मनचं सांगत नाही. 'झिंकोविट' खपावं म्हणून एपेक्स लॅबोरेटरीजने डॉक्टरांना सोन्याची नाणी, फ्रिज, टीव्ही, परदेशवाऱ्या दिल्या आणि हा सुमारे ४.७२ कोटींचा खर्च करातून वजा मागितला. डॉक्टरांना भेटी घ्यायला वैद्यक परिषदेने डिसेंबर २००९ मध्येच मनाई केली होती. त्यावर कंपनीचं म्हणणं असं की, बंदी घेणाऱ्याला आहे, देणाऱ्याला कुठं? युक्तिवाद मला फार आवडला. न्यायालयाला आवडला नाही. २२ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वजावट नाकारली. वर हेही सांगितलं की, या भेटींचा खर्च औषधाच्या किमतीतून शेवटी रुग्णाच्याच माथी येतो.

तेव्हा वजावट तुम्हाला नाही, तर निदान मला मिळावी. डॉक्टरांच्या फ्रिजमधल्या माझ्या हिश्श्याची पावती पाठवावी, रिटर्नला जोडतो.

मार्च २०२४ मध्ये सरकारची नवी आचारसंहिता आली. भेटी बंद, परदेशातल्या परिषदा बंद, प्रवासखर्च फक्त वक्त्याला. तेव्हापासून आमचे डॉक्टर वक्ते झाले आहेत. मला आजवर 'जीभ दाखवा'पलीकडे वाक्य न बोललेला माणूस! तक्रार करावी म्हटलं, तर ती ऐकणारी समिती कंपन्यांच्याच संघटनेची. घरातलं घरात मिटतं, ही सोय उत्तमच. डॉक्टरांनी जेनेरिक नावंच लिहावीत, असा नियम त्याआधी ऑगस्ट २०२३ मध्ये आला होता. पण तो तीन आठवड्यांतच बासनात गेला, त्यामुळे त्याची काळजी नसावी.

कळावे, लोभ आहेच. तो माझ्याकडून दरमहा वसूलही होतो.

आपला,
एक प्रायोजक

ता. क. या खेपेला चिठ्ठीवरची गोळी बदलली आहे. औषध तेच, कंपनी दुसरी, असं केमिस्ट म्हणाला. तुमच्याकडचं माझं आजवरचं योगदान त्यांच्या नावे वर्ग करता येईल का, तेवढं कळवावं.