विश्वासाची चतुःसीमा

जो गृहस्थ मंडईत कलिंगड घेताना ते तीनतीनदा वाजवून पाहतो, त्यानेच आयुष्याची शिल्लक भूखंडात घालताना सरकारी मोजणीची सूचना ‘विक्रेत्याला काय वाटेल’ या उदात्त संकोचापोटी नाकारावी, हा आपल्या श्रद्धाळू संस्कृतीचा परमोच्च आविष्कार होय. इंग्रजी अमलात तेहतीस फुटी साखळी ओढीत शिवारोशिवार हिंडणारे, आणि त्या साखळीच्या वर्गाला, म्हणजे १,०८९ चौरस फुटांना, गुंठा मानणारे भूमापक किती संशयी वृत्तीचे असतील! आपण तो संशय टाकून दिला आहे. हद्द विचारताच दलाल पश्चिमेस हात पसरून ‘त्या बाभळीपर्यंत’ म्हणतो. बाभूळ दिसत नाही, पण हात दिसतो, आणि तेवढ्यावर खरेदीखतातील चतुःसीमा सिद्ध होते. शिवाय सातबारावरील नोंद १९६६ च्या महसूल संहितेप्रमाणे विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरीच मानावयाची असते. मग विरुद्ध सिद्ध करणारी मोजणी पदरची फी भरून ओढवून घेण्याचा नतद्रष्टपणा कोणी का करावा?

आमची तर सरकारदरबारी नम्र विनंती आहे, की भूमी अभिलेख खाते बरखास्त करून, हद्दीचे दगड पायऱ्यांसाठी लिलावात काढून, खरेदीदाराची श्रद्धा जेथवर पोचेल तेथवर त्याचा कब्जा, असा ठराव व्हावा. हरकत घेईल तो फक्त शेजारी. त्या अश्रद्ध माणसाने मोजणी आधीच करून घेतलेली असते; वास्तुशांतीस तो पाहुणा म्हणून येतो खरा, परंतु स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडला की पुढे यजमान तोच असतो.