ओरखडा आधीचाच!

गोव्याच्या विमानतळाबाहेर भाड्याची गाडी ताब्यात घेणारा मराठी माणूस लांबूनही ओळखता येतो. मोबाइल समोर धरून तो गाडीला प्रदक्षिणा घालत असतो. बंपर, दारं, आरसे, सगळ्याचं चित्रीकरण, वर समालोचन. "हा ओरखडा बघून ठेवा हं!" "आधीचाच आहे, दादा," गाडी घेऊन आलेला पोरगा जांभई दाबत म्हणतो. स्टेपनीत हवा आहे का, हे दोघांपैकी कुणीच बघत नाही.

गाडी परत देताना प्रदक्षिणा पोरगा घालतो. आता त्याची झोप पार उडालेली असते. उकिडवा बसून तो बंपरची डावी कड बोटाने पुसतो. तांबूस रेघ जात नाही. अरुंद रस्त्यात समोरून बस आली की चिऱ्याचा गडगा कधी गाडीला लागतो कळतही नाही, आणि पांढऱ्या रंगावर चिरा लगेच चुगली करतो. मग डिपॉझिटचा विषय निघतो.

आपला करार कायदा १८७२ चा. तो म्हणतो, दुसऱ्याची वस्तू आपल्या ताब्यात असताना सर्वसाधारण शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यावी. मागणी रास्तच, पण सुट्टीवर, त्यातून गोव्यात, आणि वर शहाणा, असा माणूस आणायचा कुठून? मनाई असूनही कुणी ना कुणी भाड्याची मोटार पुळणीवर नेतो, वाळूत रुतवतो आणि पोलिसांना कामाला लावतो. घरच्या गाडीवर हाच गृहस्थ रोज रात्री कव्हर घालत असेल.

तोच कायदा मालकालाही सोडत नाही. भाड्याने दिलेल्या वस्तूतल्या दोषामुळे घेणाऱ्याला इजा झाली, तर 'मला ठाऊक नव्हतं' ही सबब चालत नाही. गुळगुळीत टायर त्याच्या खात्यात. शिवाय स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीला काळी पाटी आणि पिवळी अक्षरं लागतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी थोडी स्वस्त पडते, पण अपघात झाला की विमा कंपनी हात वर करू शकते. "पोलिसांनी अडवलं तर मित्राची गाडी म्हणा," असं पढवणारा मालक आणि मान डोलावणारं गिऱ्हाईक, यांचं एकमत मात्र पाहण्यासारखं असतं.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अवाच्या सवा डिपॉझिट आणि नुकसानीशी मेळ नसलेला दंड या गोष्टी अन्याय्य करारात मोडतात. त्याची तक्रार राज्य आयोगाकडे न्यायची. एका रेघेसाठी तिथवर जाणारा चिवट माणूस मी तरी पाहिलेला नाही. माझं विचाराल तर किरकोळ घासाघिशी भाड्यातच धरावी. बंपर असतो कशाला?

पेट्रोलचा तंटा मात्र कुठलाच कायदा सोडवणार नाही. गाडी उतारावर लावली की काही गाड्यांचा काटा वर सरकतो, हे दोन्ही पक्षांना ठाऊक असतं. त्यामुळे गाडी देताना मालकाला सपाट जागा सापडत नाही, आणि परत करताना गिऱ्हाइकाला.