काटा हलला

टूलरूमवाले काका दुकानात जाताना एखादे वेळी पाकीट विसरतील, पण डायल विसरायचे नाहीत. शर्टाच्या खिशात चष्म्याचं घर, पँटच्या खिशात सहा मिलिमीटरचा सिल्व्हर स्टीलचा गुळगुळीत तुकडा आणि कापडी पिशवीत, कोथिंबिरीच्या जुडीखाली, फलालीनच्या फडक्यात गुंडाळलेला डायल आणि त्याचं चुंबकाचं स्टँड. एवढ्या सरंजामानिशी माणूस घरगुती ड्रिल मशीन बघायला आला की दुकानदाराने समजून जावं, आज विक्री नाही, परीक्षा आहे.

ही जमात पिंपरी, भोसरी, आकुर्डीकडे जास्त आढळते. ठाण्यात वागळे इस्टेटच्या आसपास आणि नाशकात सातपूरलाही सापडते. आधी आयटीआयचा फिटर किंवा टर्नर, मग कुठल्यातरी मोठ्या कारखान्याच्या टूलरूममध्ये तीस-बत्तीस वर्षं, निवृत्तीला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ. हे घड्याळ महिन्याला दोन मिनिटं मागे पडतं, असं त्यांनी कारखान्याला लेखी कळवलेलं असतं. पुढे टू बीएचके आणि त्यातली ड्राय बाल्कनी. वॉशिंग मशीन आणि सिलिंडर यांच्यामधल्या अडीच बाय तीन फुटांना काका 'वर्कशॉप' म्हणतात. काकू 'तिकडं' म्हणतात.

तिकडं व्हाइस आहे. कानशी चढत्या क्रमाने टांगलेल्या आहेत. त्यातल्या एकीचं कारखान्यातलं नाव बास्टर्ड. घरात पाहुणे असले की काका तिला 'ती दुसरी' म्हणतात. एक ते तेरा मिलिमीटरची ड्रिलं, अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाने, सागवानी ठोकळ्यात ओळीने उभी आहेत. ड्रिलांसाठी ठोकळा आहे, ठोकळ्यावर प्लॅस्टिकचं झाकण आहे. ती ज्यात लावायची ते मशीन तेवढं नाही. ते घ्यायचं चाललंय.

भिंतीला भोक पाडायला सुतार आणतो ते हातातलं ड्रिल इथे अभिप्रेत नाही. त्याला काका 'खेळणं' म्हणतात, आणि तेच ड्रिल दीड हजाराच्या स्टँडमध्ये अडकवून काम भागवणाऱ्यांविषयी तर बोलतच नाहीत. हवं आहे बेंच ड्रिल: खाली बिडाचा पाया, उभा खांब, खांबावर टेबल, वर डोकं, डोक्यात मोटर आणि पट्टा. हँडल दाबलं की स्पिंडल सरळ खाली येतो आणि भोक काटकोनात पडतं. कारखान्यात अशी मशिनं भिंतीकडेला रांगेने असायची आणि त्यांच्याकडे काका वळूनही बघत नसत. ती शिकाऊ पोरांची. आता त्यांच्यापैकी एक घरी आणायचं तर जावई शोधल्यासारखी चौकशी सुरू आहे.

काकूंची गरज साधी आहे. बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या नळीला दोन पट्ट्या हव्यात. प्रत्येक पट्टीला दोन, अशी चार भोकं.

"अहो, त्या प्लंबरच्या पोराकडून पाडून घेऊ का?"

"हातातल्या ड्रिलने भोक गोल पडत नाही. लंबगोल पडतं."

"कपड्यांना काय कळतंय?"

पट्टीचं ड्रॉइंग काकांनी केलेलं आहे. तीन बाजूंनी दृश्य, भोकाचा व्यास आठ, टॉलरन्स अधिक-उणे पाच शतांश. ड्रॉइंगखाली 'तयार केले', 'तपासले' आणि 'मंजूर' असे तीन चौकोन असून तिन्हींत एकच सही आहे.

आता परीक्षेकडे येऊ. दुकान पुण्याच्या बोहरी आळीतलं. मालक उत्साही, गल्ल्यामागून उठून आलेला.

"हे बघा काका, तेरा एमएम, पाच स्पीड, हाफ एचपी, कॉपर वाइंडिंग. सात हजार आठशे."

"जीएसटी धरून?"

"तो वर."

"म्हणजे चौदाशे चार वर." काकांना अठरा टक्क्यांसाठी कॅल्क्युलेटर लागत नाही.

मग ते पायावर टिचकी मारतात, आणि मान तिरकी करून ऐकतात. "बीड नाही हे. पत्रा दाबलाय." व्हर्नियर निघतो. "खांब शेहेचाळीसचा. अरे, साठच्या खाली खांब असला की हँडल दाबल्यावर टेबल खाली जातं आणि डोकं वर. भोक तिरकं नाही पडणार तर काय!" मग स्पिंडल पूर्ण खाली ओढून दोन बोटांनी डावी-उजवीकडे हलवायचा. तिथे कचकच जाणवली की काका हुं करतात. शेवटी पँटच्या खिशातला तो गुळगुळीत रॉड चकात, म्हणजे ड्रिल धरणाऱ्या जबड्यात, आवळला जातो, चुंबकाचं स्टँड टेबलावर बसतं आणि डायलचं टोक रॉडला टेकतं. एक रेघ म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. काका पुली हाताने सावकाश फिरवतात. दुकानातली पोरं, एक रंगवाला आणि बिजागऱ्या घ्यायला आलेल्या एक बाई, सगळे वाकून बघतात.

काटा हलतो.

"बारा," काका म्हणतात.

"नाही हो काका, सात आठशे," मालक म्हणतो.

एका दुकानात तर डायल लावायचीच वेळ आली नाही. मशीनचा पाया ॲल्युमिनियमचा होता. स्टँड ठेवलं आणि ते घसरून खाली आलं. चुंबकानेच नापास केलेलं असं ते एकमेव मशीन.

मालकाला डिवचायला काकांकडे आणखी एक हत्यार आहे, सूत्र. हजार गुणिले कटिंग स्पीड, भागिले पाय गुणिले व्यास. साध्या लोखंडाला मिनिटाला पंचवीस मीटर धरा. तीन मिलिमीटरच्या ड्रिलला साडेसव्वीसशे फेरे लागतात, तेराच्या ड्रिलला सहाशेच पुरतात. म्हणून मशीनला स्पीड किती आहेत हे विचारायचं नाही. सगळ्यात कमी स्पीड किती, ते विचारायचं. स्वस्त मशीन पाचशेऐंशीच्या खाली सहसा उतरत नाही. तेराला ते काठावर चालतं. त्याच मशीनवर लोखंडात मोठा होल सॉ, म्हणजे गोल भोक कापायची करवत, लावला की धूर निघतो, दात जातात आणि माणूस म्हणतो, होल सॉ खराब होता. हे सगळं अगदी खरं आहे. वैताग असा की मालकालाही ते ठाऊक असतं. त्याने आत राजकोटचं जड मशीन ठेवलेलं असतं, बिडाचं, दणकट, अठरा हजारांचं. तेही बाहेर येतं. काटा चार रेघा हलतो. काका म्हणतात, "बरं आहे." मालकाच्या डोळ्यात आशा दिसते. काका म्हणतात, "पण अठरा हजारात चार?"

मुंबईला नागदेवी स्ट्रीटवर गेलं की मनासारखं मिळेल, असं त्यांना वाटत होतं. सिंहगड एक्स्प्रेसने गेले, डबा घेऊन. मशिनं पाहिली ती पाहिलीच, पण मधल्या वेळात एका दुकानातल्या पोराला चकाचा इतिहास सांगून आले. ड्रिलच्या मागच्या निमुळत्या दांड्याला मोर्स टेपर म्हणतात. हा मोर्स म्हणजे अमेरिकेतला स्टीफन मोर्स. पीळदार ड्रिलचं पेटंट त्याने १८६३ साली घेतलं. त्या निमुळत्या दांड्याला ना स्क्रू, ना खिळा. बसला की नुसत्या घर्षणाने धरून राहतो आणि काढायला पाचर ठोकावी लागते. चावीने आवळायचा चक नंतरचा. आर्थर जेकब्स नावाच्या माणसाची जुन्या चकावर म्हणे बोटांची सालं निघाली, तेव्हा त्याने तो शोधून काढला. पेटंट १९०२ चं. पोराने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, तुम्हाला बनवायचं काय आहे?"

घरी येईपर्यंत काका गप्प होते, असं काकू सांगतात.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचं मूळ त्या प्रश्नात आहे. टूलरूममध्ये हा प्रश्न कुणी कुणाला विचारत नसे. काय बनवायचं ते वरून ड्रॉइंगवर येई. काकांचं काम ते बरोबर झालंय की नाही हे बघणं. तीस-बत्तीस वर्षं लोक त्यांच्या टेबलावर वस्तू आणून ठेवत आणि चेहऱ्याकडे बघत उभे राहत. निवृत्तीनंतर एकदम कुणी काही आणून ठेवेना. काकूंनी पोळी पुढे ठेवली तर तिला व्हर्नियर लावता येत नाही. (एकदा लावला होता. तो विषय घरात काढत नाहीत.) दुकानदार मात्र बिचारे रोज नवं मशीन पुढे ठेवतात आणि चेहऱ्याकडे बघत उभे राहतात. मशीन घरी आलं की हे संपणार. मग भोकं पाडावी लागतील.

म्हणून आमच्या भागात ज्याच्याकडे ड्रिल मशीन आहे, त्याला ते काकांनी घेऊन दिलेलं असतं. चौकातल्या सायकलवाल्याला दिलं. समोरच्या इमारतीतल्या आर्किटेक्चरच्या मुलीला मॉडेलं करायला दिलं, तेही साडेसात हजारांत. दुसऱ्यांच्या बाबतीत काका एकदम व्यवहारी होतात. तिला म्हणाले, "लाकूड आणि ॲक्रिलिकच ना? मग हलकं चालेल. पण सगळे पैसे मशिनावर घालू नकोस. चांगला व्हाइस घे, हजार-दीड हजार त्याला ठेव. ड्रिलं ॲडिसन नाहीतर मिरांडा. मशीनबरोबरचा चक पुढे बदलता येईल, पट्टा पहिल्या महिन्यातच बदल, निम्मी थरथर जाते. आणि पाया टेबलाला बोल्टाने आवळ, नाहीतर मशीन तुझ्याबरोबर फिरायला निघेल." तिच्या मशीनचा काटा आठ रेघा हलतो. काकांनी स्वतः मोजला आणि पास केला.

"काका, आठ चालतात?"

"तिला चालतात."

"आणि तुम्हाला?"

"दोन."

एका बाबतीत मात्र ते कुणालाच सवलत देत नाहीत. सायकलवाला हातमोजे घालून मशीनसमोर उभा राहिला तेव्हा काकांनी भर चौकात ते काढायला लावले. लोकांना वाटतं हातमोज्याने हात वाचतो. फिरत्या ड्रिलमध्ये दोरा अडकला की मोजा आत जातो आणि बोट मोज्यात असतं. चकाची चावी चकातून बाहेर येईपर्यंत हातातून सोडायची नाही, कारण ती आत राहिली आणि बटण दाबलं तर ती कुठल्या दिशेला सुटेल सांगता येत नाही. पातळ पत्रा हातात धरून भोक पाडायचं नाही. ड्रिल आरपार जाताना अडकतं आणि पत्राच फिरायला लागतो. आर्किटेक्चरच्या मुलीने वेणी घालून, ओढणी काढून ठेवून यायचं, हा नियम तिच्या आईने केलेला नाही. गावात यांनी किती मशिनं नापास केली त्याचा हिशोब मी ठेवत नाही. पण त्यांनी निवडून दिलेल्या मशिनांवर आजवर कुणाचं नखही गेलेलं नाही. काकांच्या चिकित्सेला हसताना मी हे लक्षात ठेवतो.

प्लंबरचा पोरगा मध्यंतरी गळका नळ बघायला आला होता. काका नेमके दवाखान्यात. काकूंनी पट्ट्या पुढे केल्या. त्याने पंचसुद्धा न मारता, पट्टी पायाखाली धरून, हातातल्या ड्रिलने चारही भोकं पाडली आणि चहा पिऊन गेला. संध्याकाळी काकांनी व्हर्नियर लावला. आठ पूर्णांक चार, आठ पूर्णांक सहा, आठ पूर्णांक तीन आणि चौथ्याला त्यांनी आकडा दिला नाही. पट्ट्या ड्रॉइंगबरोबर पिशवीत गेल्या, वर चिठ्ठी: 'रिजेक्ट'. कपडे अजून दोरीवर.

आणि मग गेल्या पावसाळ्यात भोसरीतलं एक छोटं वर्कशॉप बंद झालं. मालकाची मुलं परदेशात, जागा विकलेली, सामान काढायचं होतं. कोपऱ्यात जुनं बेंच ड्रिल होतं. हिरवा रंग उडालेला, टेबलावर कुणीकुणी पाडलेल्या खड्ड्यांची नक्षी, खांब ऐंशीचा. काकांनी टिचकी मारली आणि घंटेसारखा नाद आला. स्पिंडल खाली ओढला, हलवला, हलला नाही. रॉड लावला, डायल लावला, पुली फिरवली. मी बरोबर होतो. काका दोनदा चष्मा पुसून बघत होते. काटा दीड रेघ.

"किती?" काकांनी विचारलं.

"भंगाराच्या भावाने घेऊन जा," मालक म्हणाला.

नापास करायला काही उरलं नव्हतं. काकांनी पैसे मोजून दिले, तेही पाकिटातून. आजवर ते पाकीट कुठल्याच दुकानात उघडलं नव्हतं.

शंभरएक किलोचं मशीन, चार हमाल, लिफ्ट बंद, सेक्रेटरींचा आक्षेप, जिन्याच्या दोन पायऱ्यांचे उडालेले टवके, हे सारं सोसायटीच्या इतिवृत्तात नोंदलेलं आहे. वॉशिंग मशीन हॉलमध्ये आलं. मशीन बसलं, स्पिरिट लेव्हलने चारही बाजूंनी समतल झालं, पहिलं भोक पाडायला पट्टी व्हाइसमध्ये आवळून झाली. मग काका प्लग शोधायला लागले. वायर होती, पण तीन टोकांची, आणि तिन्ही जिवंत. कारखान्यातलं मशीन ते, मोटर थ्री फेज.

काकू दारात उभ्या होत्या. "अहो, म्हणजे हे चालणार नाही?"

मला वाटलं, आता काका खचणार. काकांच्या चेहऱ्यावर बोहरी आळीचं तेज आलं. त्यांनी वही काढली.

"चालेल ना. दोन मार्ग आहेत. सिंगल फेजची हाफ एचपी मोटर बसवायची, पण मग शाफ्टचा व्यास, पुलीची चावी, बोल्टांचं अंतर, सगळं जुळवून बघावं लागेल. नाहीतर व्हीएफडी. घरातला एक फेज घेतो, तीन बाहेर देतो. मोटरच्या डब्यात सहा टोकं आहेत, मी आत्ताच पाहिलं, स्टारची डेल्टा करता येते. शिवाय वेग कमी करता येतो. पुलीवर सगळ्यात कमी साडेचारशे आहे, फ्रिक्वेन्सी निम्मी केली की सव्वादोनशे. पस्तीसचा होल सॉ आरामात चालेल."

"होल सॉ आहे आपल्याकडे?" मी विचारलं.

"घ्यायचाय," काका म्हणाले. "शनिवारी मोकळा आहेस का?"