भारतदर्शन, वरणभातासह

देशाची विविधता कशी पाहावी, हे मराठी सहलवाल्यांकडून शिकावे. बसच्या पोटात गॅस, कढया, मेतकुटाचे डबे आणि सोबत आपला आचारी. काश्मीरचे वाझवान म्हणजे ३६ पदार्थांपर्यंत जाणारी मेजवानी. तरी दल सरोवराकाठी आपण निश्चलपणे कांदेपोह्यांवर ओले खोबरे भुरभुरतो. केरळात सद्येच्या केळीच्या पानाचा फोटो काढावा आणि मटकीच्या उसळीकडे वळावे. उगाच जिभेला वळण लागायला नको. (चहा तेवढा तिथला, तोही ‘आपल्यासारखा’ करायला सांगून.)

दिब्रुगडहून कन्याकुमारीला जाणारी विवेक एक्सप्रेस ४००० किलोमीटरांहून अधिक धावते. तेवढ्यात भाषा, लिपी, तांदूळ, फोडणीचे तेल, सगळे बदलते. या गैरसोयीवर उपाय एकच: प्रेक्षणीय स्थळेच डोंबिवलीत आणावीत. पोळीभाजी केंद्रे तिथे आहेतच.

राष्ट्रीय ऐक्याचा हा प्रयोग गुवाहाटीपर्यंत निर्विघ्न चालला. तिथे आमटीत गूळ पडला. पुणेकरांची पंगत वेगळी झाली, नागपूरकरांची वेगळी. कोल्हापूरकर तर भूत जोलोकिया मिरची कुठे मिळते, असे विचारत सरळ आसामी खानावळीत शिरले.